फोडायला जोर लागतो म्हणे!



परवा रविवारी सकाळी चहा घेत बसले होते, तेवढ्यात नातवाचा व्हिडिओ कॉल आला. तो मिशिगनमध्ये कॉलेजला आहे. आपल्याकडे रविवारची सकाळ म्हणजे त्यांच्याकडे शनिवारची रात्र. पोराच्या मागे हिरव्या कापडाचं एक भलंमोठं टेबल दिसत होतं, त्यावर रंगीबेरंगी चेंडू आणि आजूबाजूला हातात काठ्या घेतलेली चार-पाच मुलं. मी म्हटलं, "अरे, हे काय चाललंय?"

"आज्जी, हा पूल. म्हणजे पोहायचा नाही गं, खेळायचा. माझा ब्रेक काही केल्या सुधारत नाहीये. तू लहानपणी कॅरम खेळायचीस ना? आई सांगत होती. काहीतरी टीप दे ना."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूलमध्ये पंधरा चेंडू त्रिकोणात मांडतात आणि पांढऱ्या चेंडूला काठीने, म्हणजे क्यूने, ढोसून त्या त्रिकोणावर नेऊन आदळतात. तो पहिला फटका म्हणजे ब्रेक. आपण कॅरमचा बोर्ड फोडतो ना, अगदी तसंच. आमचे चिरंजीव जीव खाऊन फटका मारतात आणि चेंडू जागचे फारसे हलत नाहीत. कधी पांढरा चेंडूच टेबलाबाहेर उडतो.

मला हसू आलं. सल्ला विचारला तोही कोणाला, तर जिला लहानपणी एकदासुद्धा बोर्ड फोडू दिला नाही तिला! त्याला म्हटलं, "दोन दिवस दे मला, विचार करून सांगते." शिक्षकी पेशाची सवय, दुसरं काय. मग त्या दोन दिवसांत पुस्तकं चाळली, जुन्या गोष्टी आठवल्या, आणि आठवता आठवता हा लेखच झाला.

तर आमच्या घरचा बोर्ड १९६१ सालच्या दिवाळीत आला. वडील गिरणीत कारकून होते. त्या वर्षीच्या बोनसमधून त्यांनी नवी पेठेतल्या दुकानातून कॅरम बोर्ड आणला. सायकलच्या कॅरिअरला आडवा बांधलेला तो बोर्ड घेऊन ते चालत आले होते, सायकलवर बसले नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांची. थोरला अण्णा पंधराचा आणि मधला बापू तेरा वर्षांचा.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. विटी-दांडू, लगोरी सगळं संध्याकाळी. दुपारी चाळीच्या व्हरांड्यात पोत्यावर पाणी मारून ते टांगायचं आणि त्याच्या आडोशाला बोर्ड मांडायचा. शेजारची पद्मशाली मुलं यायची, त्यांच्या घरी तेलुगू. पलीकडच्या खोलीतला मुलगा कानडी बोलणारा, आणि कोपऱ्यावरच्या दर्जीचाचांचा मुलगा दखनी बोलायचा. भांडण झालं की प्रत्येक जण आपापल्या भाषेत भांडायचा. 'फाऊल' आणि 'ड्यू' हे दोन शब्द मात्र सगळ्यांचे एकच. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला की ड्यू! घेतलेली एक सोंगटी परत बोर्डावर. यावर कोणाचं दुमत नसे.

आता या सगळ्यात माझं काम काय? पावडर टाकायची, ती तळहाताने सारखी पसरवायची आणि सोंगट्या मांडायच्या. खेळायला चौथा गडी कमी पडला तर मला बसवायचे, पण फोडायची पाळी माझी आली की अण्णा म्हणायचा, "दे इकडे, फोडायला जोर लागतो. मुलींच्या बोटात जोर नसतो." आणि माझ्या वतीने तोच फोडायचा. आई-वडिलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही फार वाटलं नाही. जोर लागतो म्हणतात, तर लागत असेल, एवढंच.

पण मांडून मांडून एक गोष्ट मला कळली, ती फोडणाऱ्यांना कळली नव्हती. एकूण सोंगट्या एकोणीस. मधोमध लाल राणी. तिच्याभोवती सहा, एक पांढरी एक काळी अशा. त्यांच्या बाहेर बारा, त्याही आलटून पालटून. राणीपासून पांढऱ्या सोंगट्यांच्या तीन फांद्या निघतात, इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या. हे सगळं मांडून झाल्यावर दोन्ही तळहातांच्या कडांनी चारी बाजूंनी दाबून घ्यायचं, म्हणजे प्रत्येक सोंगटी शेजारणीला चिकटते. मी नीट दाबून मांडलं की अण्णाच्या एका फटक्यात बोर्डभर सोंगट्या पांगायच्या, एखादी पांढरी पॉकेटमध्येही जायची. घाईत मांडलं, कुठे केसाएवढी फट राहिली, की तेवढाच जोर लावूनही निम्म्या सोंगट्या तिथेच ढिगासारख्या बसून राहायच्या.

मग काय, मला हत्यारच सापडलं! अण्णाने माझी वेणी ओढली, चिंचा लपवल्या किंवा आईकडे चुगली केली, की त्याच्या फोडीच्या वेळी मी पुढच्या सोंगटीमागे हळूच फट ठेवायची. वरून बघणाऱ्याला काही दिसत नसे. फोड फुकट गेली की अण्णा बोटावर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "पावडर कमी पडली." मी लगेच निरागस चेहऱ्याने आणखी पावडर टाकायची. ही चोरी मी साठ वर्षं पोटात ठेवली. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

आधी या खेळाच्या नावाची गंमत ऐका. मराठीच्या शिक्षिकेला शब्दाच्या मागे लागल्याशिवाय करमत नाही. बिलियर्ड्समध्ये एका चेंडूने लागोपाठ दोन चेंडूंना स्पर्श करणं याला इंग्रजीत 'कॅरम' म्हणतात. तो शब्द आला फ्रेंच 'कारांबोल'वरून. कारांबोल म्हणजे बिलियर्ड्सचा लाल चेंडू. त्याच्या मागे आहे स्पॅनिश आणि पोर्तुगीज 'कारांबोला'. आणि पोर्तुगीजांचा कारांबोला म्हणजे आपल्याकडचं ते पाच कंगोऱ्यांचं आंबट फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते ते. आपण कमरख म्हणतो. इंग्रजी कोशात या फळाच्या नावाचं मूळ बघायला गेलं तर तिथे चक्क मराठी शब्द दिलेला असतो, 'करंबळ'! फळावरूनच चेंडूचं नाव पडलं की नाही यावर सगळ्या कोशकारांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. पण ते खरं धरलं, तर आपल्या किनाऱ्यावरचा एक शब्द पोर्तुगीजांच्या जहाजातून युरोपला गेला, बिलियर्ड्सच्या टेबलावर चढला आणि खेळाचं नाव होऊन परत आपल्या व्हरांड्यात आला. माहेरपणाला आलेल्या लेकीला शेजाऱ्यांनी ओळखू नये, तसं झालं त्याचं.

दुसरी गोष्ट मला मिशिगनमध्येच कळली. लेकीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजाऱ्यांनी अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडली होती. त्यात एक चौकोनी लाकडी बोर्ड दिसला, चार कोपऱ्यांना जाळीची पॉकेट्स, सोंगट्यांऐवजी लाकडी कड्या आणि दोन छोट्या काठ्या. वर नाव 'कॅरम'. मी तर उडालेच. शेजारच्या आजीबाईंनी सांगितलं, की हा त्यांच्या राज्यातलाच खेळ, लडिंग्टन नावाच्या गावचा.

नंतर वाचलं तेव्हा सगळी हकीकत कळली. लडिंग्टन गावात हेन्री हॅस्केल नावाचे एक गृहस्थ होते. रविवारी चर्चच्या शाळेत मुलांना शिकवायचे. गावातली पोरं पूल खेळायच्या अड्ड्यांवर जाऊन बिघडतात याची त्यांना फार काळजी. 'पूल' या शब्दाचा अर्थच मुळी सगळ्यांनी मिळून जमवलेली पैजेची रक्कम. जिथे पैजा लागायच्या तिथे वेळ घालवायला बिलियर्ड्सची टेबलं असायची, म्हणून त्या टेबलावरच्या खेळालाही तेच नाव चिकटलं आणि बदनामीही चिकटली. तर हॅस्केल मास्तरांनी १८९० च्या सुमारास घरात मांडता येईल असा, बोटांनीही खेळता येईल असा हा बोर्ड बनवला. उद्देश एकच, मुलांनी घरात खेळावं, अड्ड्यावर जाऊ नये. पुढे त्याचा कारखाना निघाला आणि तो बोर्ड अमेरिकेत घरोघर गेला.

आपला कॅरम त्याहून वेगळा. कड्या नाहीत, काठी नाही, जड स्ट्रायकर आहे, राणी आहे, तिला कव्हर घ्यावं लागतं. पण मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तिकडच्या मास्तरांनी पोरं पूल खेळू नयेत म्हणून कॅरम काढला, आणि इकडे आम्ही मास्तर-मास्तरणी 'कॅरम म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ' म्हणून पोरांना तिथून हाकलत होतो! जो खेळ कोपऱ्यावर, दिव्याखाली, गिरणीच्या पाळीवरून सुटलेली माणसं खेळतात तो वाईट, हे आमच्या मनात पक्कं बसलेलं.

साहेबांच्या खेळाला मात्र हे लांच्छन नव्हतं. बिलियर्ड्सचं टेबल लष्कराच्या मेसमध्ये आणि क्लबात. स्नूकर तर जन्मलाच आपल्याकडे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पावसाळ्याच्या दिवसांत जुन्या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ केला. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे बरं का.) पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून भिंतीवर लावले. त्या काळच्या कित्येक क्लबांत हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. चेंडू उचलून देणारा आणि गुण सांगणारा मार्कर मात्र आपलाच. म्हणजे मांडायचं आपण आणि फोडायचं त्यांनी. ही वाटणी मला चांगलीच ओळखीची वाटते!

म्हणूनच विल्सन जोन्स यांचं मोठेपण. हे पुण्यात जन्मलेले, १९२२ साली. १९५८ मध्ये कलकत्त्याला झालेल्या स्पर्धेत ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळात मिळालेला पहिला जगज्जेता म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी पुन्हा ते पद मिळवलं. त्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा, मग गीत सेठी अशी रांगच लागली. पण मार्कर आणि खेळाडू यांच्यातली भिंत पहिल्यांदा ओलांडायला कोणीतरी लागतंच.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळू. मी इतिहास आणि मराठी शिकवलं, पदार्थविज्ञान नव्हे. पण माझ्या एक सहकारी गणिताच्या बाई होत्या, त्यांनी मला एकदा स्टाफरूममध्ये कॅरमवरून छान समजावलं होतं. दोन सारख्या वजनाच्या गोट्या घ्या. एक स्थिर ठेवा, दुसरी तिच्यावर सरळ समोरून आदळा. आदळणारी गोटी जवळजवळ थांबते आणि आपला सगळा वेग समोरचीला देऊन टाकते. तीच गोटी बाजूला घासून गेली तर बराचसा वेग स्वतःकडेच ठेवते आणि तिरकी निघून जाते. पूलमध्ये पांढरा चेंडू आणि बाकीचे चेंडू जवळपास सारख्याच वजनाचे. म्हणजे तिथे पहिली गरज नेमकेपणाची. त्रिकोणाच्या टोकाच्या चेंडूला बरोबर समोरून, पूर्ण भरून लागलं पाहिजे. तसं लागलं तर पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यावर शहाण्यासारखा थांबतो आणि सगळा जोर त्रिकोणात जातो. अंगातला सगळा जोर लावायला गेलं की हात हलतो, खांदा हलतो, फटका बोटभर बाजूला पडतो आणि जोर वाया जातो. पांढरा चेंडू उडतो तो यामुळेच.

कॅरमचं थोडं वेगळं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत असतो आणि सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची. म्हणजे स्ट्रायकर जवळजवळ तिप्पट जड. तो आदळून थांबत नाही, गर्दीत पुढे घुसतो. म्हणून इथे जोर आणखीनच कमी लागतो. बोट स्ट्रायकरच्या अगदी जवळ ठेवायचं, नखाने टिचकी द्यायची, मनगट गादीवर टेकल्यासारखं स्वस्थ. लांबून बोट आणून तडाखा दिला की सोंगट्या उड्या मारतात आणि स्ट्रायकर पॉकेटमध्ये जाऊन ड्यू होतो. चांगले खेळाडू फोडताना पांगापांग करून समाधान मानत नाहीत. एखादी पांढरी पॉकेटमध्ये घालवून पाळी आपल्याकडेच ठेवायची, हा त्यांचा बेत असतो. पहिल्याच पाळीत नऊच्या नऊ पांढऱ्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवला तर त्याला 'व्हाइट स्लॅम' म्हणतात. प्रतिस्पर्धी नुसता बघत बसतो.

त्या 'वाय'च्या फांद्यांचंही गणित बाईंनी मला दाखवलं. दोन फांद्यांमधला कोन १२० अंशांचा. बोर्डाच्या मध्यापासून समोरच्या दोन पॉकेट्सकडे रेषा काढल्या तर त्यांच्यातला कोन ९० अंशांचा. म्हणजे दोन्ही फांद्या एकाच वेळी दोन्ही पॉकेट्सवर रोखता येणारच नाहीत. अगदी सारख्या मांडल्या तरी प्रत्येक फांदी पंधरा अंश बाहेर राहणार. 'वाय पॉकेटकडे कर, वाय पॉकेटकडे कर' असं अण्णा मला दरडावायचा, तेव्हा हे उत्तर माझ्याकडे असतं तर किती बरं झालं असतं!

स्नूकरची तर तऱ्हाच न्यारी. तिथे पहिल्या फटक्याला लाल चेंडूंचा त्रिकोण फोडतच नाहीत. कडेच्या एखाद्या चेंडूला हलकासा धक्का देऊन पांढरा चेंडू परत आपल्या टोकाला आणून लपवतात, म्हणजे समोरच्याला काही मारता येऊ नये. एकाच घरातले तीन खेळ, पण पहिल्या चालीचा स्वभाव प्रत्येकाचा निराळा. पूलमध्ये मोकळं करायचं, स्नूकरमध्ये झाकून ठेवायचं, आणि कॅरममध्ये मोकळं करता करता आपलं घेऊन ठेवायचं. नुसत्या जोराने जिंकता येईल असा यातला एकही नाही.

कॅरमला प्रतिष्ठा यायला वेळ लागला. अखिल भारतीय संघटना १९५६ साली झाली, आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ मध्ये मद्रासला. १९९१ मध्ये दिल्लीला पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि मद्रासचे मारिया इरुदयम विजेते झाले. १९९६ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दिव्याखालचा खेळ पहिल्यांदा राष्ट्रपती भवनापर्यंत पोचला. आपल्या मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जगज्जेते झाले. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकात चेन्नईच्या काझिमा नावाच्या मुलीने तीन सुवर्णपदकं आणली. तिचे वडील रिक्षा चालवतात. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, तो मी कापून ठेवला. स्ट्रायकरमागे ठेवलेलं तिचं बोट त्यात दिसतं. माझ्यासारखंच बारीक आहे.

तो फोटो कापून ठेवताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगावी की नाही यावर दोन दिवस विचार केला. सांगतेच.

१९८४ सालची गोष्ट. शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि खेळांच्या याद्या करायचं काम माझ्याकडे होतं. कॅरमच्या यादीत फक्त मुलांची नावं घ्यायची पद्धत होती, तीच मी पुढे चालवली. नववीतली एक मुलगी टेबलापाशी आली. आई विड्या वळायची तिची, वडील गिरणीत बदली कामगार. म्हणाली, "बाई, माझं नाव घ्या की कॅरमला." मी मान वर न करता म्हटलं, "अगं, मुलींना रांगोळी आहे, संगीत खुर्ची आहे, लिंबू-चमचा आहे. त्यात घेते." ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, मग मी सोंगट्या मांडून देऊ का?"

आणि मी म्हटलं, "हो, दे की. मदतच होईल."

दोन दिवस ती पोरगी मुलांच्या सामन्यांना सोंगट्या मांडत होती. फार सुरेख मांडायची. मी येता-जाता कौतुकही केलं तिचं. तिसऱ्या दिवशी रात्री गाद्या घालताना एकदम डोक्यात प्रकाश पडला, की हे मी काय केलं? अण्णाने मला जे सांगितलं तेच मी तिला सांगितलं. अण्णा निदान पंधरा वर्षांचा पोर होता. मी तेहतीस वर्षांची, बी.ए. झालेली, पगार घेऊन मुलींना शहाणं करायला बसलेली बाई होते.

पुढच्या वर्षी मुलींची कॅरमची यादी लावायची ठरवली, पण मुख्याध्यापक म्हणाले, बोर्ड दोनच आहेत, वेळ पुरणार नाही. मी घासाघीस केली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र हट्टच धरला आणि यादी लागली. बावीस मुलींनी नावं दिली. तोवर ती मुलगी दहावी होऊन गेलेली होती. नंतर ती मला गड्ड्याच्या जत्रेत एकदा भेटली, कडेवर मूल होतं. "बाई, ओळखलं का?" म्हणून पाया पडली. मी कॅरमचा विषय काढला नाही. काढायला हवा होता. काय म्हणायचं ते तेव्हा सुचलं नाही, एवढंच खरं.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता पत्ता सांगण्यापुरती उरली. आमची चाळही गेली. बोर्ड मात्र अण्णाकडे शाबूत आहे, गादीच्या कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

यंदा संक्रांतीला अण्णाकडे गेले होते. तो आता ऐंशीला टेकलाय. वहिनींनी तिळगूळ दिला, गप्पा निघाल्या, नातवंडांनी बोर्ड बाहेर काढला. मी सवयीने मांडायला बसले आणि काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं. "अण्णा, तुझी फोड फुकट जायची ना, ती पावडर कमी पडून नव्हे. मी फट ठेवायची."

घरात हसून हसून पुरेवाट झाली. अण्णा काही बोलला नाही. चष्मा पुसला. मग बोर्ड स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "सरक. आज मी मांडतो, तू फोड."

थरथरत्या बोटांनी त्याने एकोणीस सोंगट्या मांडल्या. पाच मिनिटं लागली. मी स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकवून ठेवला, बोट जवळ घेतलं, नातवाला पुढे जे जे सांगायचं होतं ते सगळं स्वतः केलं आणि टिचकी मारली. फटका सरळ बसला. आणि निम्म्या सोंगट्या जागच्या जागी ढिगासारख्या बसून राहिल्या.

अण्णा डबा पुढे करून म्हणाला, "काय गं, पावडर कमी पडली का?"

तर मंडळी, नातवाला मी फोनवर जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. जोर निम्मा कर. टोकाच्या चेंडूला समोरून भरून लागू दे. काठी सैल धर, फटका मारल्यावर हात लगेच मागे ओढू नकोस. पांढरा चेंडू मध्यावर थांबायला लागला की मगच हळूहळू जोर वाढव. आणि या सगळ्याच्या आधी खाली वाकून त्रिकोण नीट बघ. चेंडू एकमेकांना टेकलेत का, टोकाच्या चेंडूमागे फट आहे का. मांडणारा दुसरा कोणी असेल, तर त्याच्याशी आपलं वागणं कसं आहे तेही आठवून बघ!

आठ दिवसांनी त्याचा निरोप आला. पांढरा चेंडू आता टेबलावर राहतो म्हणे. एवढी प्रगती पुष्कळ झाली.

पुढच्या रविवारी अण्णा आमच्याकडे येणार आहे, बोर्ड घेऊन. फोडायची पाळी माझीच ठरली आहे. मांडणारही मीच. बापू, तू हे वाचत असशील तर पुण्याहून ये, चौथा गडी कमी पडतोय.